धप्पबाई म्हणू नका

आमच्या डेपोत बायका कंडक्टर आणखीही होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ह्याच यायच्या. मी ड्रायव्हर. आमची जोडी एकाच मार्गावर इतकी मुरली होती, की बाईंची डबल बेल आली की मी मागचापुढचा विचार न करता गिअर टाकायचो. दारात कुणी लटकतंय आणि बाईंनी बेल दिलीय, असं कधी झालं नाही. म्हातारं माणूस चढत असेल तर आधी त्याच्या दंडाला धरायचं, त्याला जागेवर टेकवायचं आणि मगच दोरी ओढायची. बाकीचे प्रवासी कितीही करवादले तरी ह्यांना ढिम्म फरक पडत नसे.

बाई उंच, अंगाने भरलेल्या. आवाज असा, की मागच्या सीटवर घोरणाऱ्याने उठून तिकीट काढावं आणि पुन्हा घोरायला लागावं. नवरा लवकर गेला होता, पदरात एक मुलगा होता. अशा ह्या बाईंना एका अख्ख्या पिढीने 'धप्पबाई' म्हणून ओळखलं. त्याचा मला अजून संताप येतो. तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

त्याचं झालं असं. आमच्या मार्गावर एका दुमजली इमारतीत चार-पाच जणांनी कॉम्प्युटरचे गेम बनवायची कंपनी काढली होती. त्यांचा म्होरक्या रोज आमच्याच बसने यायचा. जाड चष्मा, खांद्याला पिशवी आणि जिभेवर साखर. बाई त्याला चष्मेवाला म्हणायच्या. एक दिवस त्याने बाईंपाशी विषय काढला. लहान मुलांना बसमध्ये कसं वागावं हे शिकवणारा गेम आम्ही करतोय, त्यात खरीखुरी कंडक्टर हवी, तुम्ही याल का, म्हणाला. बाईंना ह्या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. सुट्टीच्या दिवशी युनिफॉर्मला कडक इस्त्री करून, छातीवरचा पितळी बिल्ला लखलखीत घासून त्या गेल्या. एकटीने जायला नको म्हणून मलाही बरोबर घेतलं.

एका खोलीत भिंतीवरून जमिनीपर्यंत निळं कापड सोडलं होतं. समोर दोन मोठे दिवे आणि व्हिडिओ कॅमेरा. बाईंना जागच्या जागी चालायला लावलं, तिकीट पंच करायला लावलं, शिट्टी वाजवायला लावलं. मग त्यांच्या ऑफिसातल्या म्हाताऱ्या शिपाईकाकांना एका खोक्यावर चढायला सांगितलं आणि बाईंनी त्यांना हात द्यायचा, असं ठरलं. बाईंनी दंड धरला तशी काकांना गुदगुल्या झाल्या. ते हसले, बाई हसल्या, कॅमेरा चालूच होता. शेवटी जमिनीवर गादी अंथरली. दारात उभं राहिलं तर माणूस कसं पडतं हे मुलांना दाखवायचंय, असं चष्मेवाल्याने सांगितलं. बाई पडल्या. मग हात वर करून पडा, तोंड उघडं ठेवून पडा, अजून एकदा पडा. मी म्हटलं, बाई पुरे, कंबरेची वाट लागेल. त्या म्हणाल्या, मुलांसाठी आहे ना, होऊ द्या. आम्हाला एकेक कप चहा मिळाला आणि आम्ही घरी आलो.

पुढे कितीतरी दिवस त्या चष्मेवाल्याला विचारायच्या, झाला का आमचा गेम. तो म्हणायचा, होतोय, होतोय. मग तो बसने यायचा बंद झाला.

गेमचं नाव 'फुकट्या'. त्यातला हिरो म्हणजे चित्रात काढलेला एक कुरळ्या केसांचा पोरगा. तिकीट न काढता गावभर फिरायचं, हाच त्याचा पराक्रम. बसच्या दुसऱ्या टोकाकडून कंडक्टर येते. ती चित्रातली नाही, खरीखुरी, आमच्या बाई. फुकट्या तिच्या पायात पिशवी टाकतो, ती तोंड उघडं टाकून, पाय वर करून पडते आणि कॉम्प्युटरमधून आवाज येतो, धप्प. वर पोराला गुण. बाईंचं चित्र आडवं ताणून त्यांना होत्या त्याच्या दुप्पट जाड केलं होतं. हा म्हणे बसमध्ये कसं वागावं हे शिकवणारा गेम. शिकवलं खरं.

जुन्या मशिनवरही चालायचा, म्हणून तो गेम शाळाशाळांच्या कॉम्प्युटरच्या खोल्यांत पोचला. पोरं बसमध्ये चढली की बाईंच्या पाठीमागे हळूच 'धप्प' म्हणायची. पोरांचं एकवेळ सोडा, टाय लावलेले बाप्ये तिकीट काढताना म्हणायचे, सांभाळा हो, पडाल. आणि आपणच हसायचे. बाईंचा मुलगा तेव्हा शाळेत होता. एक दिवस तो फाटक्या शर्टाने घरी आला आणि काही बोलेना. काय झालं ते बाईंना दुसऱ्या पोरांच्या आयांकडून कळलं. त्यानंतर तो आमच्या बसमध्ये बसेनासा झाला. शाळा लांब होती, तरी चालत जायचा. आमची बस शेजारून जायची, तो मान खाली घालून चाललेला असायचा आणि बाई दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायच्या.

बाई चष्मेवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, लोकांचं तुमच्यावर प्रेम आहे, तुम्ही प्रसिद्ध झालात, असं नशीब कुणाला मिळतं. बाई डेपो मॅनेजरकडे गेल्या. त्याने तक्रार ऐकून घेतली, पण त्याआधी घाईघाईने टेबलावरचा स्क्रीन भिंतीकडे वळवला. त्यावर काय चाललं होतं हे सांगायला नको.

आणि मग ते झालं. सिग्नल लागला म्हणून मी वेग कमी करत होतो. बाई मधल्या वाटेने मागे चालल्या होत्या. एका कॉलेजच्या पोराने बाईंच्या वाटेत मुद्दाम पाय टाकला. मी आरशात बघितलं. बाई पालथ्या पडल्या, हातातला पंच सीटखाली घरंगळत गेला, आणि मागच्या अर्ध्या बसने एका सुरात 'धप्प' केलं. त्या उठल्या नाहीत तेव्हा कुठे आवाज थांबला. मी बस कडेला घेऊन मागे गेलो. मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. पोरगा म्हणाला, गंमत केली, गेममध्ये असतं तसं. मी त्याची कॉलर धरली. त्याबद्दल मला मेमो मिळाला. पोराला कुणी काही विचारलं नाही.

बाईंचा हात नीट जुळला नाही. पंच दाबवेना, दोरी ओढवेना. त्यांना पासच्या खिडकीवर बसवलं. अख्खी बस दणाणून सोडणारा तो आवाज पुढे निवृत्तीपर्यंत काचेतल्या एका भोकातून बोलला. गेम आहे तो, मनावर काय घ्यायचं, असं मला कितीतरी शहाण्यांनी सांगितलं. ज्याचं मनगट मोडलं नाही त्याचं सांगायला काय जातं?

वर्षं गेली. आम्ही दोघंही निवृत्त झालो. बाईंच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. ती एका फोटो स्टुडिओत कामाला होती. लोकांच्या फोटोतल्या पुटकुळ्या पुसायच्या, डोळ्यांखालचं काळं उजळायचं, दुसरी हनुवटी काढून टाकायची, हे तिचं काम. बाईंना सुरुवातीला ते काही पटलं नव्हतं. माणसं आहेत तशी दिसली तर काय बिघडतं, असं त्या मला म्हणायच्या. पण सासू-सुनेचं मेतकूट लवकरच जमलं, कारण दोघींनाही जेवताना कामाच्या ठिकाणची भांडणं सांगायला आवडायचं.

सुनेला धप्पबाईचं काहीच माहीत नव्हतं. नवऱ्याने ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिला कळलं ते बसस्टॉपवर. चष्मेवाला एव्हाना मोठा माणूस झाला होता. जुन्या गेमवर बोलायला त्याला व्यासपीठावर बोलवायचे. त्याने तोच गेम मोबाइलवर नव्याने आणायचं ठरवलं आणि गावातल्या प्रत्येक बसस्टॉपवर जाहिरात लावली. 'तुमची लाडकी धप्पबाई परत येतेय.' खाली बाई, पाय वर, तोंड उघडं, माणसाच्या उंचीएवढ्या. बसच्याच स्टॉपवर. सून दिवसभर चेहरेच बघणारी. ती त्या चित्रापुढे थांबली, भुवई बघितली, हनुवटी बघितली आणि घरी येऊन सासूला विचारलं.

बाईंनी आवाज न चढवता, भांडी विसळत विसळत सगळं सांगितलं. सुनेने आधी नवऱ्याला फैलावर घेतलं, की इतकी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवलीस कशी. तो म्हणाला, मला ती सांगता येत नाही. मग तिने बाईंना विचारलं, आता काय करायचं. बाई म्हणाल्या, "मला ती चित्रं बघायचीत. पडलेली नव्हेत. ती सगळ्यांनी बघितली. त्या दिवशी काढलेली सगळी."

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मूळ गेमची सीडी मिळाली. दुकानदार हसत म्हणाला, धप्पबाईवाला ना. सून म्हणाली, "मी त्यांची सून." त्याने सीडी पुसून हातात दिली.

मी दुपारचा रिकामाच असायचो. त्यांच्याकडे जाऊन बसायचो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. सीडीत बऱ्याच लहान फाइली होत्या आणि एक भलीमोठी. तिच्या नावाच्या शेपटाला अशी तीन अक्षरं होती, जी सुनेने जन्मात बघितली नव्हती. उघडायला गेलं की कॉम्प्युटरच उलट विचारायचा, ही कशात उघडू. स्टुडिओत फोटो उघडायचे जेवढे प्रोग्राम होते, सगळ्यांनी हात वर केले. हे चित्रच नाही, असं प्रत्येकाचं म्हणणं. सुनेने इंटरनेटवर जुन्या गेमच्या चाहत्यांना विचारलं. बहुतेकांनी अकलेचे तारे तोडले. एकाने लिहिलं, धप्पबाईला हात लावाल तर याद राखा. एकाने मात्र कामाचं सांगितलं. ह्या फाइलीत चित्राची माहिती देणारं डोकंच नाही, नुसता एकेका ठिपक्याच्या रंगाचा नंबर ओळीने लिहिलाय. चित्राची रुंदी किती ते तुम्हीच प्रोग्रामला सांगा.

मला ते सुनेने समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत बसवलं. समजा स्टॉपवर प्रवाशांची मैलभर लांब रांग आहे. एका ओळीत किती जण बसवायचे हे बरोबर कळलं, तर बस नीट भरते. एखादा जरी कमी-जास्त झाला, तरी पुढच्या प्रत्येक ओळीत सगळे सरकत जातात आणि सगळी बस तिरपी दिसते. तसंच दिसत होतं. पडद्यावर नुसते तिरपे पट्टे. सून आकडा एकेकाने वाढवत होती आणि पट्टे हळूहळू उभे राहत होते. मग एक बूट दिसला. मग पँटची इस्त्री. शेवटचा आकडा टाकला आणि बाई ताठ उभ्या राहिल्या.

पण तोंड हिरवं आणि ओठ निळे. कोणता नंबर म्हणजे कोणता रंग, ह्याचा तक्ता वेगळा होता. तो त्याच फाइलीच्या अगदी शेवटी सापडला. तो लावला तर रंग जागेवर आले, पण सगळं अमावस्येसारखं काळं. त्या काळातली मशिनं उजेड कमी आकड्यांत मोजायची, हे कळायला आणखी एक दुपार गेली. सुनेने सगळे आकडे चौपट केले. खोलीत कुणीतरी दिवा लावावा तसा चेहरा उजळला. मी ज्यांच्या बेलवर बस सोडायचो त्या बाई, केस घट्ट बांधलेल्या, बिल्ला चमकतोय, समोर बघतायत.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. पुढची, म्हणाल्या.

एकेक चित्र येत गेलं. चालताना. तिकीट देताना. शिट्टी वाजवताना गाल फुगलेले. शिपाईकाकांचा दंड धरलेला, आणि दोघंही खो-खो हसतायत. ह्यातलं चालण्यापलीकडचं एकही चित्र गेममध्ये कुणी कधी बघितलं नव्हतं. पण सगळी फाइलीत होती, ओळीने रचून ठेवलेली. गुपचूप ठेवायला त्यांना जागा होती, दाखवायला नव्हती.

मला वाटलं बाई रडतील. त्या संतापल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. मानेपर्यंत लाल झाल्या. "मला वाटायचं, त्यांना दुसरं काही जमलं नसेल," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नीट आलं नसेल म्हणून नाइलाजाने पडलेलं घेतलं असेल. इतकी वर्षं मी त्यांच्या वतीने हे कारण देत होते. ह्यांच्याकडे हे सगळं होतं. हे होतं आणि त्यांनी ते पडलेलं उचललं."

मग दोघी कामाला लागल्या. पडलेल्या प्रत्येक चित्राच्या जागी शिट्टीचं चित्र बसवायचं. ते अगदी त्याच मापाचं हवं, त्याच जागी हवं, त्याच तक्त्यातल्या रंगांचं हवं. नाहीतर गेम उघडतानाच बंद पडायचा. त्यातला एक नंबर म्हणजे रंगच नाही, आरपार दिसावं म्हणून ठेवलेली मोकळी जागा. पहिल्या खेपेला सुनेकडून तोच नंबर बाईंच्या डोळ्यांच्या पांढऱ्याला लागला आणि बाईंच्या डोळ्यांतून मागच्या सीटा दिसायला लागल्या. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. दुसऱ्या खेपेला मात्र जमलं. फुकट्याने पिशवी टाकली आणि बाई जागच्या हलल्या नाहीत. तिथेच उभं राहून शिट्टी फुंकली.

तरीही आवाज आला, धप्प. आणि फुकट्याला गुण मिळाले.

बाई सुनेकडे बघायला लागल्या. सुनेने सांगितलं, की मला चित्रं बदलता येतात, पण कोण पडलं आणि कोण जिंकलं हे ठरवणारं डोकं दुसऱ्या फाइलीत आहे, ते मला बदलता येत नाही. बाई म्हणाल्या, बसमधली माणसं तर समोर होती, त्यांचं डोकं कुणाला बदलता आलं?

त्या रागाच्या भरात एका दुपारी सुनेने चष्मेवाल्याचं तोंड फुकट्याच्या धडावर बसवलं. जाहिरातीच्या कोपऱ्यात छापलेला त्याचाच फोटो, जाड चष्म्यासकट. खोटं कशाला बोलू, मी तो गेम मनसोक्त खेळलो आणि त्याला मुद्दाम सगळ्या खांबांवर आपटवलं. बाईही खेळल्या. संध्याकाळी त्यांनीच सुनेला सांगितलं, काढून टाक. न विचारता लोकांची तोंडं लावत फिरणारा एक माणूस गावाला पुरेसा आहे, म्हणाल्या.

मग आम्ही तिघं त्याच्या ऑफिसात गेलो. सुनेने सगळी चित्रं स्टुडिओत मोठ्या कागदावर छापून घेतली होती. आता ते ऑफिस काचेचं होतं, बसायला गुबगुबीत खुर्च्या होत्या. तो बाईंना बघून उठला, किती वर्षांनी म्हणाला, मोबाइल काढून फोटोसाठी बाईंच्या शेजारी उभा राहायला लागला. बाईंनी टेबलावर चित्रं पसरली. त्याचा मोबाइल खाली आला.

"ही कुठे मिळाली? ही आमच्या कंपनीची मालमत्ता आहे."

"चेहरा ह्यांचा आहे," सून म्हणाली.

तो समजावणीच्या सुरात बोलायला लागला. धप्पबाई हे एक पात्र आहे, त्याचा बाईंशी संबंध लावू नये, आज मोठी झालेली माणसं ते बघून भावुक होतात.

"लोकांचं बालपण आहे ते, बाई."

"माझ्या मुलालाही बालपण होतं," बाई म्हणाल्या. "तो चालत शाळेत जायचा. माझ्या बसमध्ये बसायला नको म्हणून."

मला वाटलं, आता तरी ह्याला माणसासारखं काही सुचेल. सुचलं ते हे. गेमच्या उद्घाटनाला बाईंना स्टेजवर बोलवू, 'खरी धप्पबाई' म्हणून सत्कार करू, लोक उभे राहून टाळ्या वाजवतील.

"आणि तिथे काय करू?" बाईंनी विचारलं. "पडून दाखवू?"

बाई टोमणा मारत होत्या. त्याला तो कळलाच नाही. त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, "हळूच. खाली गादी टाकू."

मी पुढे झालो होतो. बाईंनी त्यांच्या वाकड्या मनगटाच्या हाताने माझी बाही धरली. चित्रं गोळा केली आणि आम्ही निघालो.

पुढे जे झालं त्यात न्याय कमी आणि चीड आणणारं जास्त आहे. छापलेल्या मोठ्या चित्रात बाईंच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं परिवहनाचं चिन्ह स्वच्छ दिसत होतं, आणि तोच बिल्ला जाहिरातीतही होता. ते चित्र घेऊन मी डेपोत गेलो आणि नव्या मॅनेजरसमोर ठेवलं. बाईंचं मनगट मोडलं तेव्हा ह्याच ऑफिसात कुणाला चौकशी करायला सवड नव्हती. बिल्ला दिसल्याबरोबर फोनाफोनी सुरू झाली. आमचं चिन्ह विनापरवानगी वापरलं म्हणजे काय, म्हणून वकिलाची नोटीस गेली आणि आठवड्याच्या आत सगळ्या स्टॉपवरच्या जाहिराती उतरल्या. माणसाची अब्रू गेली तेव्हा पान हललं नाही. पितळेच्या तुकड्याची गेली तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. मी मॅनेजरला तसं तोंडावर म्हटलंही. ते म्हणाले, काका, काम झालं ना तुमचं.

नवा गेम रखडला आणि शेवटी आला, तेव्हा त्यात कंडक्टरच्या जागी तिकिटाचं एक चालतं यंत्र होतं. काही तांत्रिक कारणांमुळे बदल केला आहे, असं कंपनीने जाहीर केलं. माफीचा शब्द नाही. चाहते खवळले. कुठल्या तरी म्हातारीला विनोद कळत नाही म्हणून आमचं बालपण मातीत गेलं, असं त्यांनी लिहिलं. सून ते वाचून दाखवत होती. दोन-चार ऐकल्यावर बाई म्हणाल्या, बंद कर, मला पासच्या खिडकीवर ह्याहून बरं ऐकायला मिळायचं. सुनेने दुरुस्त केलेली चित्रं इंटरनेटवर ठेवली, ज्याच्याकडे जुना गेम असेल त्याने लावून घ्यावीत म्हणून. फार थोड्यांनी घेतली. त्या थोड्यांत बाईंचा मुलगा होता. त्याने ती आईसमोर बसून लावली, खेळला नाही, नुसती शिट्टी वाजताना बघितली. मग आईच्या मनगटावरून हात फिरवला आणि कामाला निघून गेला.

बाईंच्या डोक्यात मात्र शिपाईकाका होते. काका वारले होते. शोधत शोधत आम्ही त्यांच्या मुलीकडे पोचलो. ती एका लाँड्रीत इस्त्री करत होती. तिच्याकडे वडिलांचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, चेहरा चोरासारखा आवळलेला. बाईंनी हसणारं चित्र पुढे केलं. तिने इस्त्री उभी केली, हात पुसले आणि बराच वेळ बघत राहिली. काय बघून हसत होते, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, "मी दंड धरला होता. गुदगुल्या झाल्या."

तिथून परत येताना सून म्हणाली, फाइलीत आणखी माणसं आहेत. पहिल्यांदा आम्ही फक्त बाईंना शोधत होतो. आता बघितलं तर कंपनीच्याच गल्लीतला वॉचमन होता, शाळेला निघालेली एक मुलगी होती, फळवाला होता. गेममध्ये सगळे फुकट्याच्या वाटेतले अडथळे. ज्याला-त्याला वेगळी थाप मारलेली, हे पुढे कळलं. वॉचमनला सांगितलं होतं, सुरक्षेवर काहीतरी करतोय. मुलीच्या आईला सांगितलं, रस्ता कसा ओलांडावा ते. बाईंनी ठरवलं, की प्रत्येकाला त्याचं चित्र नेऊन द्यायचं. माझ्याकडे स्कूटर आहे. बाई मागे बसतात, सून लॅपटॉप घेऊन तिच्या गाडीवर येते. ब्रेक लागला की अजून मला ओरडतात.

फळवाला आता मुलाच्या दुकानात कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतो. गेममध्ये फुकट्या त्याची गाडी उलथतो आणि तो तोंड झाकून रडतो. खरं काय झालं होतं ते पूर्ण चित्रात दिसत होतं. दिवे डोळ्यांवर येत होते, म्हणून त्याला हात आडवा धरायला सांगितलं होतं. हाताखालचं तोंड चांगलं हसत होतं, ते त्यांनी गेमसाठी खोडून टाकलं होतं. त्याच्या बायकोने चित्र हिसकावूनच घेतलं. हा माणूस आईबाप गेले तेव्हासुद्धा चारचौघांत रडला नाही, आणि गल्लीतली पोरं ह्याला रडूबाई म्हणायची, असं ती आम्हालाच रागावून सांगायला लागली, जणू आम्हीच ते केलं होतं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

म्हातारा मात्र चित्र डोळ्यांजवळ धरून दुसरंच काही बघत होता. त्याने तराजूवर बोट ठेवलं.

"हा एका बाजूला झुकलेला का दाखवलाय? माझा काटा कधी झुकला नाही. तुम्ही कुणालाही विचारा."

बाईंनी सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "सरळ होईल, आजोबा."

म्हाताऱ्याने मुलाला गल्ल्याशेजारची जागा रिकामी करायला लावली. सुनेने तिथे लॅपटॉप उघडला, ती मोठी फाइल काढली, आणि म्हातारा तिच्या मागे उभा राहून सांगायला लागला, डावं पारडं वर घे, अजून थोडं वर घे, आता थांब.